ईस्टरच्या अंड्यात चॉकलेटऐवजी काय: रबरी चेंडू की सूर्यफुलाच्या बिया?

अमेरिकेत ईस्टरला अंगणात लपवली जाणारी प्लॅस्टिकची अंडी साधारण 6 सेंटिमीटर लांबीची असतात, त्यामुळे चॉकलेट वगळले की आत मावेल अशी वस्तू शोधणे आलेच. उसळणारा रबरी चेंडू मुलांना तत्काळ आवडतो, अंडे हलवताच आत खडखडतो आणि उन्हात वितळतही नाही. मात्र तेथील नियमांनुसार 44.4 मिलिमीटर व्यासाच्या मापातून आरपार जाणारा चेंडू 3 वर्षांखालील मुलांसाठी विकता येत नाही, कारण तो घशात अडकू शकतो, आणि अशा अंड्यात बसणारा चेंडू बहुधा त्याहून लहानच असतो.

सूर्यफुलाच्या बिया कागदाच्या घडीत बांधून ठेवल्यास स्वस्त पडतात, पण अंडे उघडताच मुलांचे चेहरे पडतात, हे मान्य करायला हवे. शिवाय ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल या काळात केव्हाही येत असल्याने उत्तरेकडील राज्यांत तेव्हा हिमतुषाराची धास्ती असते, म्हणून बी आधी घरातच कुंडीत पेरावे. आठ-दहा दिवसांत टरफल डोक्यावर घेऊन वर येणारा कोंब मुले रोज पाहायला धावतात. शाळकरी मुलांसाठी मी बियाच निवडेन. तान्ह्या भावंडांच्या घरात तर चेंडू नकोच, आणि बियांची पुडीही त्यांच्या हाती लागू देऊ नये.