चौदा महिने, आठ जाडजूड खंड: जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या डिलक्स आवृत्त्यांचा अनुभव

गेले चौदा महिने मी साठच्या दशकातल्या सुपरहिरो कॉमिक्सचे मोठे पुनर्मुद्रित खंड घेते आहे आणि घेतलेला प्रत्येक खंड वाचते आहे. आठ झाले. त्यातले पाच मी कुणालाही डोळे मिटून घ्यायला सांगेन, दोन पुन्हा घेणार नाही आणि एक परत पाठवावा लागला. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालं आहे: या खंडांमध्ये आपण पैसे मोजतो ते रेषेसाठी. जाड पुठ्ठा, पेटी, चकचकीत जॅकेट, आकार हे सगळं त्यानंतर.

हे मला कळलं ते 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या 33व्या अंकामुळे. फेब्रुवारी 1966चा हा अंक स्टीव्ह डिटकोने रेखाटलेला आहे. स्पायडर-मॅन एका अवजड यंत्राखाली अडकला आहे, वरून पाणी गळतंय आणि मे काकूचा जीव वाचवणारं औषध हाताच्या अंतरावर, पण हाताबाहेर पडलेलं आहे. हा प्रसंग मी आधी टॅबलेटवर वाचला होता, एकेक चौकट पडदाभर मोठी करून. आवडला, पण त्याचं एवढं नाव का घेतात ते कळलं नव्हतं. ओम्निबसमध्ये, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेल्या जाड खंडात, पूर्ण पान समोर आलं तेव्हा कळलं. सुरुवातीला चौकटी लहान आहेत, अंगावर आलेल्या. तो जोर लावतो तशा त्या मोठ्या होत जातात आणि शेवटी यंत्र उचललं जातं तेव्हा एकच चित्र अख्खं पान व्यापतं. टॅबलेटवर प्रत्येक चौकट पडद्याएवढीच दिसत होती, त्यामुळे हे वाढत जाणं पुसलंच गेलं होतं. मी त्या पानावर बराच वेळ थांबले. खांद्यावरच्या जाळ्याच्या रेषा, बोटांतला ताण, सगळं ब्रशच्या एका फटकाऱ्यात कमीजास्त जाड झालेलं दिसत होतं.

त्या ओम्निबसच्या पहिल्या खंडात ऑगस्ट 1962च्या 'अमेझिंग फँटसी' 15पासून डिटकोने मालिका सोडली त्या 38व्या अंकापर्यंत सगळं सलग आहे. एकाच चित्रकाराचा हात चार वर्षांत कसा पक्का होत गेला, हे एका बैठकीत पाहायचं तर दुसरा मार्ग नाही.

आता रंग. माझं सगळ्यात जास्त भांडण इथेच आहे. मूळ अंक न्यूजप्रिंटवर छापले जायचे. रंगछटा मोजक्या, त्याही ठिपक्यांनी तयार केलेल्या. पिवळट, शाई पिणाऱ्या कागदावर तो लाल रंग थोडा मरून बसणार, हे रंग ठरवणाऱ्याला माहीत असायचं. तोच लाल तेवढ्याच प्रमाणात पांढऱ्याशुभ्र आर्ट पेपरवर छापला की अंगावर धावून येतो. दिव्याखाली वाचताना वर चमकही. काही आवृत्त्यांत यावर उपाय म्हणून संगणकावर छाया-प्रकाश भरलेले आहेत, गालाला गोलाई, आकाशाला उतरता निळा. माझ्या मते हा उपाय दुखण्यापेक्षा वाईट. ज्या रेषेने गोलाई आधीच दाखवली आहे, तिच्यावर पुन्हा गोलाई चढवली की रेष मुकी होते. सपाट रंग आणि मॅट, म्हणजे न चमकणारा, कागद असेल तर मी आकार लहान असला तरी तीच आवृत्ती घेते. चित्रकाराने स्वतः रंग बदलले असतील तर गोष्ट वेगळी. ब्रायन बोलंडने 2008मध्ये आपण रेखाटलेलं बॅटमॅनचं 'द किलिंग जोक' स्वतःच्या रंगांत पुन्हा आणलं. ते पटो न पटो, तो त्याचा हक्क.

तिसरा रस्ता टाशेन या प्रकाशकाचा: उत्तम राखलेले जुने अंक उघडून सरळ फोटो काढायचे. ठिपके, हललेले रंग, कागदाचा पिवळेपणा सगळं तसंच, आणि पान जवळजवळ 28 बाय 39.5 सेंटिमीटर. ते पाहायला फार सुंदर आहे. वाचायला मात्र मोकळं टेबलच लागतं.

रेष मुळात मिळते कुठून, हेही घेण्याआधी शोधावं. मूळ पानं बऱ्याचदा विखुरलेली किंवा हरवलेली असतात. फिल्म किंवा छायाप्रती उरल्या असतील तर उत्तम. नसतील तर पूर्वी छापील अंकच रसायनात धुऊन रंग घालवत आणि उरलेल्या काळ्या रेषांवरून काम करत. जुनी कॉमिक्स पुन्हा छापण्याचं काम करणाऱ्या ग्रेग थीकस्टनच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. त्यात तो जुना अंक कायमचा जायचा. यानंतर हाताने दुरुस्ती किंवा गिरवणं आलं, आणि गिरवलेलं पान ओळखू येतं: बारीक रेघोट्या एकमेकींत मिसळून काळा डाग होतात, डोळे किंचित भलतीकडे बघतात. माझ्या न आवडलेल्या दोन खंडांत हेच झालं आहे. त्यामुळे आता मी घेण्याआधी आतल्या पानांचे जवळून घेतलेले फोटो शोधते, मुखपृष्ठाचे नाही.

बांधणी. सातआठशे पानांचा खंड नुसता डिंकावर चिकटवलेला असेल तर मधली चित्रं दोन पानांच्या खाचेत गडप होतात. शिवलेली बांधणी वरून बघितली की कळते. फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, वेगवेगळे दिसतात आणि फर्म्याच्या मधोमध दोरा असतो. नवीन खंड एकदम मधूनच उघडू नका. पुढची थोडी पानं, मागची थोडी पानं, असं आलटूनपालटून दाबत आत या. पंधरा मिनिटं लागतात आणि पाठ मोडत नाही.

परत पाठवलेला खंड कोपऱ्यावर आपटून आला होता. विक्रेत्याने आधी हा दोष नाहीच म्हणून सांगितलं, फोटो तीनदा मागवले आणि बदली प्रत तीन आठवड्यांनी दिली. तेव्हापासून पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढते. दुसरा त्रास माझ्या घरातलाच. उभा ठेवलेला एक खंड पाच महिन्यांत पुठ्ठ्यातून खाली ओघळला. वजन पानांचं, आणि पानं पुठ्ठ्याच्या आत लटकलेली असतात. आता जाड खंड आडवे ठेवते, एकावर एक दोनच.

ज्याची अपेक्षा नव्हती आणि जे फार आवडलं, ती वाचकांच्या पत्रांची पानं. 'फँटॅस्टिक फोर'च्या 20व्या अंकात, 1963मध्ये, जॉर्ज आर. आर. मार्टिन या शाळकरी मुलाचं पत्र आहे, 17व्या अंकाचं भरभरून कौतुक करणारं. पुढे तो 'गेम ऑफ थ्रोन्स'चा लेखक झाला हे माहीत असताना ते वाचायला मला गलबलून आलं. जाहिराती मात्र बहुतेक आवृत्त्या गाळतात, ही हळहळ आहे. दहा किंवा बारा सेंटचा अंक हातात घेणाऱ्या मुलाला त्याही दिसायच्याच.

आवृत्ती संपली तर घाईने चढ्या भावात घेऊ नका. लोकप्रिय खंड पुन्हा छापले जातात. मी एकासाठी नऊ महिने थांबले आणि तो छापील किमतीतच मिळाला.

सध्या टेबलावर 'फँटॅस्टिक फोर'चा दुसरा खंड आहे, अंक 31 ते 60. त्याचा चित्रकार जॅक कर्बीचं पान पूर्ण उघडून बसते आणि दिवा थोडा डावीकडे सरकवते, म्हणजे कागद चमकत नाही. काल रात्री 48व्या अंकाच्या शेवटी ग्रह गिळणारा गॅलॅक्टस येऊन उभा राहिला. 49वा आज.