गावातले तंटे सोडवायचं ट्रेनिंग केलं, आठ महिन्यांनी लिहितोय

रत्नागिरीला स्वयंसेवकांचं तीन दिवसांचं मध्यस्थीचं ट्रेनिंग केलं. लिहायला मुद्दाम थांबलो, कारण ट्रेनिंग संपल्या संपल्या प्रत्येकालाच आपण जज्ज झालो असं वाटत असतं.

मी गावच्या तंटामुक्ती समितीत आहे. 15 ऑगस्ट 2007 ला ती मोहीम सुरू झाली तेव्हा बोर्ड लागला, बक्षिसाच्या गप्पा झाल्या, पण समोर दोघं हमरीतुमरीवर आले की नक्की करायचं काय ते कोणी शिकवलंच नव्हतं, आमची पद्धत एकच, चहा पाजायचा आणि "जाऊ दे रे, मिटवा आता" म्हणायचं.

शिकवणाऱ्या वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी ही सवय मोडली. सल्ला द्यायचा नाही. माणूस बोलला ते त्यातला टोमणा काढून त्यालाच परत विचारायचं. म्हणजे "त्याचा माझ्या कलमांवर डोळा आहे" याचं "आंब्याच्या पैशाचा हिशोब तुम्हाला कळत नाही, त्याची काळजी वाटते, असंच ना?" ऐकायला सोप्पं, पण रोल प्लेमध्ये मी सहा वेळा चुकलो. विषय सगळे आपल्याकडचे, सातबाऱ्यावर सतरा नावं, मुंबईकर भाऊ फक्त मे महिन्यात आणि गणपतीला येणार, शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारात. याला पूर्ण मार्क.

कायदा एका दुपारी उरकला, तोही जेवणानंतर, सोलकढी पिऊन अर्धा हॉल पेंगत होता. पण कामाचं होतं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात गावपातळीवरच्या मध्यस्थीला जागा आहे, दोन्ही बाजूंची आधी संमती लागते, तीन मध्यस्थ बसतात, पण जो समझोता होतो तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. लोकअदालतीच्या निवाड्याला मात्र तो दर्जा आहे. मी इतकी वर्षं दोन्ही एकच समजत होतो! आणि घरात मारहाण होत असेल तर मध्यस्थी करत बसायचं नाही, सरळ पोलिसांना 112 वर फोन, हे बाईंनी तीनदा सांगितलं.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. एकाने पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला, वरच्या घराची वाट बंद, आणि दोघंही माझ्याच भावकीतले. रात्री साडेनऊला बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "दादा, तुम्ही यात बसूच नका. तुम्ही काहीही बोललात तरी एकाला ते खोटंच वाटणार." आमच्याच बॅचमधले शेजारच्या गावचे तिघं येऊन बसले, मी फक्त चटया घातल्या. चार बैठका लागल्या. गडगा अजून आहे, पण दोन हात सरकलाय आणि बाईक जाते. ही गावांची अदलाबदल कोणाला सुचली माहीत नाही, पण माझ्या मते सगळे पैसे इथेच वसूल.

आता तक्रारी. दर महिन्याला स्वयंसेवकांची बैठक घेऊ म्हणाले होते, आठ महिन्यांत तीन झाल्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर गुड मॉर्निंगच जास्त. एसटीचं भाडं आपल्याच खिशातून, आणि चार बैठका दुसऱ्यांची भांडणं ऐकून डोकं भणभणतं त्याचं काय करायचं यावर तीन दिवसांत अर्धा तासही नाही. माझ्या सर्टिफिकेटवर वडिलांचं नाव चुकलंय, ते अजून दुरुस्त होतंय.

पाचपैकी साडेतीन. जाणार असाल तर शेजारच्या गावातलं कोणीतरी सोबत न्या, पुढे त्याचीच गरज लागते.