लेस्टरच्या घरात बुजवलेली फायरप्लेस उघडताना आमचे २,२०० पौंड गेले

आमचं घर व्हिक्टोरियन काळातलं, भिंतीला भिंत लागून असलेल्या रांगेतलं. पुढच्या खोलीतली फायरप्लेस कुणीतरी विटा रचून बुजवली होती, हवेपुरती एक जाळी ठेवून. धुरावर बंधनं आणणारा १९५६चा क्लीन एअर कायदा आणि नंतर आलेलं सेंट्रल हीटिंग यामुळे इथे ब्रिटनमध्ये असंख्य घरांत असंच झालंय. आम्हाला आग पेटवायची नव्हती, फक्त जुनी कमान मोकळी करायची होती.

दारात पत्रक टाकून गेलेल्या माणसाने ८०० पौंड सांगितले. त्यातले ४०० आगाऊ, बँक ट्रान्सफरने.

सकाळी त्याने ग्राइंडरने प्लास्टर कापलं आणि थेट ब्रेकर, म्हणजे भिंत फोडायचं यंत्र, लावला. धूळ ओढायला व्हॅक्यूम नाही, प्लास्टिकही अंथरलं नाही. तासाभरात मला हाक मारली. वरच्या दोन विटा पडलेल्या, बाजूला लांब तडा. म्हणाला, "आत लिंटेलच, म्हणजे वरचा भार पेलणारी आडवी तुळईच, नाहीये. वरचं धुराडं कधीही खाली येईल. आत्ताच लोखंड बसवावं लागेल, नाहीतर रात्री इथे झोपू नका. १,४०० जास्तीचे, रोख." साताऱ्याहून आलेल्या सासूबाई बाळाला घेऊन पलीकडच्या खोलीत बसल्या होत्या, नवरा ऑफिसात. मी धावत बँकेत जाऊन पैसे आणले. संध्याकाळी उरलेले ४०० घेऊन तो गेला. त्यानंतर फोन बंद.

दोन आठवड्यांनी धुराडं साफ करायला आलेल्या माणसाने टॉर्च मारून दाखवलं: त्या लोखंडी पट्टीवर काहीच टेकलेलं नव्हतं, वर बोटभर फट होती. भार पेलत होती जुनी विटांची कमान आणि तिच्याखाली तेव्हाच्या गवंड्यांनी बसवलेला वाकवलेला लोखंडी पट्टा. दोन्ही शाबूत. तडा गेला होता तो नंतर भरलेल्या विटांना, ब्रेकरच्या दणक्यांनी. पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेही हेच लेखी दिलं.

म्हणून कळकळीने सांगते. भिंत अर्धी फोडून कुणी जास्त पैसे मागितले, तर काम तिथेच थांबवा. खरोखर धोका असेल तर लोखंडी टेकू लावून रात्र काढता येते आणि इंजिनिअरला बोलावता येतं. खरा बिल्डर याला कधीच नाही म्हणणार नाही. त्या क्षणी मला हे एवढं एकच ठाऊक असायला हवं होतं.

सुरुवातीलाही घाई नको. जाळी काढून आत टॉर्च मारा, कमान किंवा लिंटेल कुठे आहे ते नक्की करा, मगच वरून खाली एकेक वीट सोडवायची. विटांऐवजी बोर्ड लावलेला असेल तर त्याला ग्राइंडर लावू देऊ नका. ब्रिटनमध्ये १९९९पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉस (ज्याची धूळ फुप्फुसांना घातक असते) वापरात होतं, आधी तपासून घ्या. आत गॅसची जुनी नळी निघाली तर गॅस सेफ या गॅस कारागिरांच्या अधिकृत नोंदणीचं कार्ड असलेल्या माणसाशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

पैसे क्रेडिट कार्डाने दिले असते तर १९७४च्या कंझ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली, १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंतच्या कामासाठी, कार्ड कंपनीकडे दाद मागता आली असती. आमचं सगळं ट्रान्सफर आणि रोख. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. छोट्या रकमांसाठीचा स्मॉल क्लेम्सचा कोर्टातला दावाही करणार होतो, पण त्याला समोरच्याचा पत्ता लागतो. पत्रकावरच्या पत्त्यावर नवरा जाऊन आला. तिथे एक बंद दुकान आहे, आणि शेजारच्यांनी त्या माणसाचं नावही ऐकलेलं नाही.