विंडोज ११, डेबियन १३ आणि मॅक: बरेच महिने तिन्ही वापरल्यावर

आधी सेटअप सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. सांगलीत घरूनच डीटीपी करतो, पुस्तकं, दिवाळी अंकांची पानं, सीझनला लग्नपत्रिका. डेस्कटॉपवर विंडोज ११ प्रो आहे कारण कोरलड्रॉ (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं), दोन्हीचं सगळं जुनं काम तिथेच आहे. सोबत एक जुना लॅपटॉप, सातव्या जनरेशनचा आय५, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर लागतो आणि वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, म्हणजे हा लॅपटॉप अधिकृतपणे बाद, आणि विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच्यावर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. तिसरं म्हणजे बायकोचं एम१ मॅकबुक एअर, ते संध्याकाळी माझ्याकडे असतं. गेले बरेच महिने तिन्हीवर खरं काम केलंय, नुसतं इन्स्टॉल करून बघितलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. क्रॅश होण्याच्या बाबतीत आज तिघांत फारसा फरक राहिलेला नाही. फरक आहे तो मशीन कोणाच्या मर्जीने बदलतं यात, आणि काही बिघडलं तर आत हात घालून दुरुस्त करता येतं का यात. विंडोज ९८ च्या काळापासून "विंडोज हँग होतं, लिनक्स होत नाही" हे वाक्य चालत आलंय, ते आता सोडून द्या. माझ्या डेस्कटॉपवर विंडोज ११ ने या काळात एकदाही दगा दिलेला नाही. २०२५ मध्ये त्यांनी निळ्या स्क्रीनचा रंग काळा केला असं वाचलं, माझ्याकडे अजून ती दिसलीच नाही. आणि एका बाबतीत तर विंडोज लिनक्सच्या स्पष्ट पुढे आहे, ते म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर. व्हिस्टापासून तिथे अशी सोय आहे की ग्राफिक्स कार्डने दोनेक सेकंद उत्तर दिलं नाही तर सिस्टीम फक्त तो ड्रायव्हर रीसेट करते, स्क्रीन क्षणभर काळी होते आणि परत येते, उघडी फाईल बहुतेक वेळा वाचते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली तर हा रीसेट आपल्यालाही करता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लिनक्सवर ग्राफिक्स अडकलं की बऱ्याचदा अख्खं सेशनच जातं, पुन्हा लॉगिन करा.

दुसरी बाब रॅम. ८ जीबीत फायरफॉक्सच्या भरपूर टॅब, लिबरऑफिसमध्ये चारशे पानांचं पुस्तक आणि मागे एखादी मोठी पीडीएफ असं उघडलं की डेबियन चांगलंच जड होतं. रॅम संपली की कर्नल (सिस्टीमचा गाभा) कुठला तरी प्रोग्रॅम मारून जागा करतो खरं, पण तो निर्णय घ्यायला इतका उशीर लावतो की तोवर माऊससुद्धा हलत नाही. अर्लीओओएम नावाचं छोटं पॅकेज टाकलं की ते आधीच सावध होऊन सगळ्यात खादाड प्रोग्रॅम बंद करतं, त्यानंतर माझ्याकडे हा प्रकार थांबला. मॅक अशा वेळी मेमरी कॉम्प्रेस करतं आणि अगदीच संपली तर खिडकी उघडून विचारतं की काय बंद करू. विंडोज पेजफाईल (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा) वाढवत राहतं, स्लो होतं पण हातातून जात नाही. त्यामुळे कोणी म्हणालं की जुन्या कमी रॅमच्या मशीनवर लिनक्स टाका आणि निवांत राहा, तर ते अर्धंच खरं आहे, हे पॅकेज टाका मग निवांत राहा.

आता अपडेट. इथे मला खूप बोलायचंय.

विंडोजचे अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. ते थांबवता येतात, पण जास्तीत जास्त पाच आठवडे, त्यानंतर आधी चढवा मग पुन्हा थांबवा. ॲक्टिव्ह अवर्स (ज्या तासांत आपोआप रीस्टार्ट होऊ नये ते) लावता येतात, तेही दिवसाचे १८ तास कमाल. प्रोमध्ये ग्रुप पॉलिसी एडिटर असल्यामुळे मला "डाउनलोड करण्याआधी विचार" असं सांगता येतं आणि ते ऐकतं, पण होम एडिशनमध्ये हा एडिटरच नाही, आणि दुकानातून लॅपटॉप घेतला की बहुतेकांना होमच मिळतं. म्हणजे ज्यांना सगळ्यात कमी समजतं त्यांच्याच हातात सगळ्यात कमी बटणं. यावर नेहमी उत्तर दिलं जातं की लोक अपडेट करत नाहीत म्हणून सक्ती करावी लागते, आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण सुरक्षेचा पॅच आणि टास्कबारमध्ये आलेलं नवीन बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विंडोजमध्ये त्या एकाच गठ्ठ्यात येतात. मला पॅच हवाय, बटण नकोय, ते सांगायची सोय नाही.

डेबियनमध्ये नेमकं हेच वेगळं केलेलं आहे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, कर्नल ६.१२, आणि त्या दिवशी ज्या पॅकेजची जी आवृत्ती होती तीच पुढे राहते. लिबरऑफिस २५.२ आहे तर २५.२ च राहणार. सुरक्षेचं छिद्र सापडलं की त्याची दुरुस्ती तेवढी त्याच आवृत्तीत बसवून देतात (ब्राउझर याला अपवाद, फायरफॉक्सची लांब सपोर्टची आवृत्ती मात्र पुढे सरकते). असा सपोर्ट तीन वर्षं पूर्ण, मग वर दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट), एकूण पाच. म्हणजे मी आज पुस्तकाचं पान लावलं तर ओळ जिथे तुटते तिथेच ती सहा महिन्यांनीही तुटणार, कारण मधे कोणी लेआउट इंजिनला हात लावलेला नाही. डीटीपीवाल्याला हे काय आहे ते वेगळं सांगायला नको. दुसऱ्या प्रुफानंतर एक ओळ खाली सरकली की पुढची सगळी पानं बघावी लागतात.

जुनं सॉफ्टवेअर म्हणजे असुरक्षित असं ज्यांना वाटतं त्यांनी मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण आठवून बघावं. एक्सझेड ही फाईल कॉम्प्रेस करायची साधी लायब्ररी, तिच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावून मागचं दार बसवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि त्याने तळापर्यंत जाऊन ते शोधून काढलं. तो मायक्रोसॉफ्टमध्ये काम करतो आणि हे त्याला सापडलं डेबियनच्या अनस्टेबल या चाचणीच्या फांदीवर, हे मला फार आवडतं. ती आवृत्ती डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये पोचली होती, स्टेबलमध्ये, म्हणजे मी वापरतो तशा पक्क्या आवृत्तीत, नव्हती.

अजून एक, लोक विचारतात लिनक्स अपडेट झाल्यावर रीस्टार्ट का मागत नाही. कारण तिथे चालू असलेल्या प्रोग्रॅमची फाईल बदलता येते, जुनी फाईल जोवर कोणी धरून ठेवलीय तोवर ती डिस्कवर राहते, नवीन उघडणाऱ्याला नवीन मिळते. विंडोज उघडी फाईल साधारणपणे कुलूप लावून ठेवतं, त्यामुळे बदल करायला बूट व्हायची वाट बघावी लागते. डेबियनमध्ये कर्नल बदलला तर मात्र रीस्टार्ट लागतंच, पण कधी ते तुम्ही ठरवायचं, पानं प्रेसला गेल्यावर केलं तरी चालतं.

विंडोजबद्दल अजून एक गोष्ट सांगतो जी रोज कामाला येईल. तिथे शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नसतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची अवस्था डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम बघा, रोज रात्री बंद करूनही आठवडे दिसतील. काही विचित्र व्हायला लागलं, यूएसबी ओळखत नाही, प्रिंटर गप्प, तर शट डाउन करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट मारा, तेव्हाच सगळं कोरं सुरू होतं.

आता बिघडल्यावर काय, ते एका उदाहरणाने सांगतो. डेबियन टाकल्यावर लॅपटॉपचं झाकण बंद करून उघडलं की कधीकधी वायफाय गायब. कार्ड कुठल्या कंपनीचं ते जाऊ द्या. टर्मिनल उघडून जर्नलसीटीएलला (सिस्टीमच्या नोंदी दाखवणारी कमांड) सांगितलं की मागच्या बूटमधल्या फक्त एरर दाखव. बरोबर झाकण उघडल्याच्या मिनिटाला त्या कार्डच्या ड्रायव्हरची ओळ, फर्मवेअर उत्तर देत नाही म्हणून. म्हणजे झोपेतून उठताना पॉवर सेव्हिंग नडतंय असा अंदाज. नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये दोन ओळींची फाईल केली, पहिल्या ओळीत चौकटी कंसात कनेक्शन, दुसरीत वायफाय पॉवरसेव्ह बरोबर २ (२ म्हणजे बंद, ३ म्हणजे चालू), सर्व्हिस रीस्टार्ट केली, विषय संपला. बॅटरी थोडी जास्त खात असेल, ते मला चालतं. मुद्दा असा की कारण दिसलं, ते बदलायची जागा होती, आणि त्यानंतर कुठलाही अपडेट येऊन माझी ती फाईल पुसून गेला नाही.

विंडोजमध्येही कारण दिसतं, लोक बघत नाहीत एवढंच. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप करा, रोजचा आलेख येतो, १ ते १० मध्ये मार्क आणि कुठल्या दिवशी कुठला प्रोग्रॅम पडला ते लाल फुलीसकट. फार छान टूल आहे आणि कोपऱ्यात टाकून दिलंय. पण तिथून पुढे दुरुस्ती म्हणजे ड्रायव्हर काढा, घाला, नाहीतर रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) उघडा. मॅकवर तर सिस्टीमचा भाग २०२० च्या बिग सरपासून सीलबंदच असतो, ॲडमिनलाही सहज बदलता येत नाही. त्यामुळे ते बिघडत नाही हेही खरं, माझ्या बायकोला तेच हवंय आणि तिच्यासाठी तीच योग्य निवड आहे. झाकण उघडलं की चालू, बंद केलं की झोप, या एका गोष्टीत मॅकच्या जवळपास बाकी दोघं नाहीत. पण ते मशीन किती वर्षं चालवायचं हे ॲपल ठरवणार. इंटेलवाल्या मॅकसाठी टाहो ही मॅकओएसची शेवटची आवृत्ती, जाहीर करून टाकलंय.

स्थैर्य आणि ताबा एकमेकांत कसे अडकलेले असतात ते १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी बघितलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका चुकीच्या फाईलने मायक्रोसॉफ्टच्या आकड्यानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन पाडली, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यांचा ड्रायव्हर कर्नलच्या आत चालतो म्हणून तो पडला की सगळंच पडतं. यात लिनक्स वाचलं म्हणून नाचू नका, ती फाईल विंडोजसाठीच होती, कर्नलमध्ये बाहेरचा ड्रायव्हर घातला तर लिनक्सही तसंच पडेल. ॲपलने मात्र २०१९ पासून बाहेरच्यांना कर्नलमधून हळूहळू बाहेर काढायला सुरुवात केली होती, ते धोरण बरोबर होतं. आणि दुरुस्ती काय होती, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल डिलीट करणे. पण बऱ्याच ठिकाणी डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कचं कुलूप) बंद होती, त्याची किल्ली ज्याच्याकडे होती तो माणूस शोधत बसले. एका फाईलसाठी तास आणि दिवस गेले.

मराठीचं सांगतो, कारण बरेच जण तिथेच अडतात. इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्हीकडे आहे. डेबियनवर लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि फॉन्टमध्ये सोय असली की ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदीचे नाही, हे बघून बरं वाटलं. स्क्रायबस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी जोडाक्षरं फुटायची, २०२४ च्या १.६ पासून देवनागरी नीट बसते, एक छोटा कवितासंग्रह मी पूर्ण त्यात लावलाय. पण श्रीलिपीतल्या जुन्या फाईली, छापखान्याला लागणारी कोरलची फाईल, याला डेबियनवर पर्याय नाही. ज्याचं पोट कोरलवर आहे त्याने डेस्कटॉपवरचं विंडोज काढू नये, मीही काढलेलं नाही. अकाउंटवाल्यांचं टॅलीही तसंच.

तर आता माझ्याकडे लिहिणं, युनिकोडचं सगळं टायपिंग, प्रुफं, पुस्तकाची पानं डेबियनवर, आणि पत्रिका, मुखपृष्ठ, छापखान्याचा व्यवहार विंडोजवर. विंडोज १० वर अजून अडकलेले असाल तर वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, तेवढ्या वेळात पेन ड्राइव्हवरून डेबियन किंवा मिंट (लिनक्सचाच दुसरा प्रकार) लाइव्ह चालवून बघा, हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासता येतं. ३२ बिटवालं फार जुनं मशीन असेल तर डेबियन १३ चा इन्स्टॉलर आता त्यासाठी येत नाही हे लक्षात ठेवा.

आणि विंडोज ११ शेजारी लिनक्स टाकणार असाल तर दोन कामं आधी करा. फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन नुसतं वाचता येईल, लिहिता येणार नाही. दुसरं, २४एच२ (विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती) नव्याने टाकलेल्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप चालू होतं, आणि बूटमध्ये बदल दिसला की ते ४८ आकडी रिकव्हरी की (कुलूप उघडायची किल्ली) मागतं. ती की अकाउंटच्या पानावर असते, ती बघा, वहीत लिहून घ्या, मगच पार्टिशनला हात लावा.