मुलं घरी, अभ्यास लॅपटॉपवर: 14 महिने वापरल्यानंतर

आधी सांगून टाकते, मी शिक्षिका नाही. दोन-तीन दुकानांचे हिशोब घरून बघते आणि आमच्या ह्यांची दर तीन वर्षांनी बदली. मागच्या वेळी भर नोव्हेंबरात बदली आली, थोरली तेव्हा सातवीत, धाकटा पाचवीत, मधेच नवी शाळा, नवं माध्यम, नवी डोनेशन हे सगळं बघून म्हटलं दोन वर्षं घरीच शिकवू. सासऱ्यांनी आठवडाभर अबोला धरला, "शाळेत न जाता शाळा कसली!" एवढंच एकदा म्हणाले. थोरलीचं 14 पूर्ण झालं की शाळेत न जाता एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी देता येते हे कळल्यावर जरा निवळले, पण जरासेच.

माझा मूळ हिशोब असा होता की सॉफ्टवेअर शिकवेल, मी नुसतं लक्ष ठेवेन आणि बाजूला माझं काम करेन. हा हिशोब पूर्ण चुकला.

पहिली चूक म्हणजे पेड ॲप. नाव नाही घेत. रविवारी सकाळी घरी माणूस आला, मुलांची छोटी टेस्ट घेतली, दोघंही "थोडे मागे" निघाले (निघणारच ना, नाहीतर विकणार कसं), आणि ईएमआयवर वर्षाचं पॅकेज गळ्यात मारून गेला. ॲनिमेशन भारी होतं, ते खोटं नाही बोलणार. पण प्रत्येक धड्यानंतर चार पर्यायांचे प्रश्न, आणि तीन आठवड्यांत थोरलीच्या लक्षात आलं की सगळ्यात लांब पर्याय असतो ना, तोच बहुतेक वेळा बरोबर. वाचायची पण नाही, नुसती लांबी बघायची, नव्वद टक्के! मी दोन महिने खूश होते त्या टक्क्यांवर. मग एकदा तोंडी विचारलं तर काही नाही. पैसे परत मिळवायला जे फोन केले त्याचं एक वेगळं पुराण होईल, सोडा.

त्यानंतर सगळं फुकटातलं धरलं. खान अकॅडमी (धडे आणि सराव), जिओजेब्रा (भूमितीच्या आकृत्या), फेट (विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवर), स्क्रॅच (मुलांसाठी प्रोग्रामिंग), आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात ती. लॅपटॉप सेकंडहँड, साडेसोळा हजारांचा, 8 जीबी रॅम, ह्या सगळ्याला तेवढा पुरतो.

खान अकॅडमी गणितासाठी रोज 40 मिनिटं. हिंट घेतली की तो प्रश्न बरोबर धरत नाही, त्यामुळे लांबीवरून ओळखायची चलाखी इथे चालेना, बऱ्याच ठिकाणी उत्तर टाईपच करावं लागतं. धाकट्याने अपूर्णांकांचा भागाकार धडाधड संपवला, "मास्टर्ड" आलं, घरभर नाचला. त्याच आठवड्यात मी भाजणी दळून आणलेली, त्याला म्हटलं अरे पाऊण किलो आहे, पाव किलोच्या पिशव्या किती होतील? तोंडाकडे बघत बसला. मला वाटलं भागाकार कळला नाही, चिडले पण. मग खोदून विचारलं तर त्याचा प्रॉब्लेम भागाकार नव्हताच, त्याला पाऊण म्हणजे किती हेच माहीत नव्हतं! 3/4 माहीत, पाऊण नाही. मग विचारत गेले, सव्वा? अंदाजाने सांगितलं. पावणेदोन? "दोन आणि पाव?" अडीच त्याला येत होतं, कारण रिक्षावाले म्हणतात.

ह्यात सॉफ्टवेअरची काय चूक, ते जगभरच्या मुलांसाठी आहे. पण आपल्याकडे बाजारात, स्वयंपाकघरात, घड्याळात सगळे अपूर्णांक ह्याच शब्दांत येतात आणि ते कुठलंच ॲप शिकवणार नाही हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इथे सासरे मैदानात उतरले. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळे पाढे पाठ, अगदी औटकी म्हणजे साडेतीनचासुद्धा. आता संध्याकाळी झोपाळ्यावर आजोबा विचारतात, "सात पाऊण किती?" आणि धाकटा मनात 21/4 करून सव्वापाच सांगतो. पद्धत खानची, भाषा आजोबांची. अबोला तेव्हापासून संपला असं म्हणायला हरकत नाही.

असंच आकड्यांचं. त्र्याहत्तर सांगितलं की धाकटा 37 लिहायचा, कारण कानावर तीन आधी पडतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "सत्तर तीन" सारखं वाचन आणलं तेव्हा व्हॉट्सॲपवरचे विनोद मी पण फॉरवर्ड केले होते. आता घरी आम्ही दोन्ही म्हणतो, आधी सत्तर तीन, मग त्र्याहत्तर. हसणं बंद झालं माझं.

जिओजेब्रा हे मला सगळ्यात आवडलेलं, आणि त्याबद्दल लोक फार कमी बोलतात. त्रिकोण काढायचा, तिन्ही कोन दाखवायचे, आणि एक टोक धरून ओढत राहायचं, बेरीज 180 च राहते. आम्ही दशांश बंद करून ठेवले होते, आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून. तर थोरली ओरडली, "आई, 181 येतंय!" बघितलं तर खरंच, 60, 60 आणि 61. मला घामच फुटला, म्हटलं आता हिला काय सांगू. मग दशांश चालू केले तर 59.6, 59.6 आणि 60.8. म्हणजे प्रत्येक कोन जवळच्या पूर्ण अंशावर नेला आणि तिन्ही वेळा वरच गेला. मग तिने 179 येईल असा त्रिकोण शोधायचा खेळच सुरू केला, अर्धा तास ओढाओढी, सापडला पण. राउंडिंग हा धडा मी वेगळा घेतलाच नाही त्यानंतर.

स्क्रॅचमध्ये पण तिची अशीच फजिती. समभुज त्रिकोण काढायचा, प्रत्येक कोन 60, म्हणून तीन वेळा पुढे जा आणि 60 अंश वळ असं लिहिलं, तर स्क्रीनवरचं मांजर (आपण सांगू तसं ते चालतं) अर्धा षटकोन काढून थांबलं. ती म्हणे प्रोग्राम बिघडलाय. शेवटी तिला फरशीवर चालायला लावलं, कोपऱ्यावर आपण किती वळतो ते बघ म्हटलं, तेव्हा कळलं की वळायचं 120, आतला कोन राहतो 60. बाह्यकोन पुस्तकात होताच, तिने पाठ पण केला होता.

फेट विज्ञानासाठी. कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, बरीच सिम्युलेशन्स मराठीत मिळतात, आणि डाउनलोड करून ठेवली की नेट नसलं तरी चालतात, पावसाळ्यात हे सोन्यासारखं. धाकट्याने सर्किटमध्ये बॅटरीची दोन टोकं थेट वायरने जोडली तर बॅटरीला आग लागलेली दिसते, मग काय, दोन दिवस नुसत्या बॅटऱ्या पेटवत होता. मी पेटवू दिल्या. तिसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं की आपल्या घरात असं का होत नाही, मग मेन स्विचजवळचा एमसीबी दाखवला, असं काही झालं की आपोआप पडणारा स्विच.

भाषा आणि इतिहास मात्र स्क्रीनवर अजिबात जमलं नाही. ते पुस्तक, वही आणि मोठ्याने वाचन. निबंध तपासायला सॉफ्टवेअर नाही, मीच.

वेळेचं म्हणाल तर रोज स्क्रीन पावणेदोन तास (हा शब्द आता घरात सगळ्यांना येतो), आणि त्यातला निम्मा वेळ मी शेजारी बसलेली असते. उत्तरं तपासायचं काम वाचलं हे खरं, पण तो वेळ "हे असं का आलं" विचारण्यात जातो. माझे हिशोब रात्री साडेनऊनंतर. नोकरी करून बाहेर जाणाऱ्या आईबाबांनी मुलाला लॅपटॉप देऊन हे होईल असं धरू नका.

आणि शेजारी कायम एक साधी वही ठेवा. स्क्रीनवर सोडवलेलं गणित दुसऱ्या दिवशी वहीत, काही न बघता. आमच्याकडे मास्टर्ड झालेल्यातलं तीनातलं एक तरी वहीत अडतं.

खर्च विचाराल तर लॅपटॉप, नेट, आणि चार्जर दोनदा बदलला तो. पेड ॲपचे हप्ते अजून दोन बाकी आहेत.