कान की अक्षर? वाचताना अडखळणाऱ्या मुलासाठी दोन वाटा

दुसरीतलं पोर ‘वेळ’ला ‘वेल’ वाचतं, ‘घडी’ सांगितलं तर ‘गडी’ लिहितं, आणि बाईंनी दिलेल्या तीन सूचनांपैकी त्याला पहिलीच आठवते. मग डायरीत शेरा येतो: ‘ऐकत नाही. कान तपासून घ्यावेत.’ आमच्याकडे हा शेरा दोन वर्षांपूर्वी आला. सासूबाई म्हणाल्या, याचा बापही असाच होता, येईल आपोआप. मी मात्र मुलुंडहून वांद्रे आणि शीव अशा फेऱ्या सुरू केल्या. त्यातून जे हाती लागलं ते आज याच पेचात असलेल्या आईबापांसाठी लिहिते आहे.

पेच असा. एक जण सांगतो, मुलाचं ‘ऑडिटरी प्रोसेसिंग’ कच्चं आहे, म्हणजे कान ठीक आहेत पण ऐकलेलं मेंदूत नीट लागत नाही. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे न्या, श्रवणाचं ट्रेनिंग द्या. दुसरा सांगतो, हे भाषेचं आणि अक्षरांचं काम आहे. स्पेशल एज्युकेटर (शिकताना अडणाऱ्या मुलांचे खास शिक्षक) किंवा स्पीच थेरपिस्ट गाठा. दोन्हीकडे पैसे जातात आणि संध्याकाळचा वेळ जातो. नोकरी करणाऱ्या घरात हा वेळच जास्त महाग पडतो.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यात निवड करायचा प्रश्नच नाही: साधी श्रवणचाचणी. सतत सर्दी असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठू शकतं. ऐकू येतं, पण कानावर उशी दाबून धरल्यासारखं, आणि तेही कधी कमी, कधी जास्त. म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) आणि टिंपॅनोमेट्री (पडदा नीट हलतो का याची तपासणी) केली की हे कळतं आणि ईएनटी डॉक्टर त्यावर उपाय सांगतात. वांद्रे रेक्लमेशनला 1983 पासून असलेली, श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालय आहे. खासगी क्लिनिकपेक्षा खर्च बराच कमी. हे न करता पुढची कुठलीही वाट धरू नका.

आता पहिली वाट. ऑडिटरी प्रोसेसिंगच्या चाचणीत मुलाला आवाजबंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवतात आणि सगळे सांगायला लावतात. सलग खरखरीत इवलीशी शांतता कुठे आली ते ओळखायचं. उंच-खालच्या सुरांचा क्रम सांगायचा. गोंगाटात दडलेले शब्द पकडायचे. सातच्या आतल्या मुलांचे गुण इतके वरखाली होतात की साधारणपणे त्याआधी ही चाचणी करत नाहीत. सात पूर्ण झाल्यावरही भुकेलं, कंटाळलेलं मूल चाचणीत नापास होऊ शकतं. आमचा चिरंजीव दादरला गाडी बदलून, घामाघूम होऊन एका क्लिनिकमध्ये पोचला आणि दर पाच मिनिटांनी ‘अजून किती?’ विचारत राहिला. अहवालात ‘एपीडी’, म्हणजे ‘ऑडिटरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’, असं आलं, आणि सोबत कॉम्प्युटरवरच्या ऐकण्याच्या खेळांचं तीन महिन्यांचं पॅकेज.

पहिल्या महिन्याचे पैसे आम्ही भरले. खरखरीतली शांतता ओळखण्यात पोरगा तरबेज झाला. ‘वेळ’ मात्र ‘वेल’च राहिली.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की यात नवल काही नव्हतं. झपाट्याने बदलणारे आवाज पकडता न आल्याने भाषा आणि वाचन अडतं, हा विचार अमेरिकन संशोधक पॉला टॅलल यांचा. 1996 साली त्यांनी मेंदूशास्त्रज्ञ मायकेल मर्झेनिक यांच्यासोबत त्यावर आधारित कॉम्प्युटर प्रशिक्षण मांडलं आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. त्या प्रशिक्षणाच्या चांगल्या चाचण्या एकत्र करून 2011 मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा वाचनावर म्हणण्याजोगा परिणाम दिसला नाही. त्याआधी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेंटन काउंटीत पहिलीच्या 470 मुलांची, म्हणजे तिथल्या जवळपास सगळ्याच मुलांची, कानापासून बुद्धीपर्यंत तपासणी झाली होती. आवाज ओळखण्याच्या कौशल्याचा वाचनाशी संबंध फारच थोडा निघाला.

म्हणून ही वाट टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. काही मुलांची अडचण पुस्तकाबाहेरही दिसते. पंखा लागला की त्यांना समोरच्याचं बोलणं तुटक ऐकू येतं, कुणी हाक मारली तर ती कुठून आली ते कळत नाही, फोनवर आजीशी बोलताना ‘काय? काय?’ चालूच असतं. अशा मुलाची चाचणी जरूर करा, पण तिचा उपयोग खेळांच्या पॅकेजसाठी नाही, वर्गासाठी करा. पहिल्या बाकावर जागा, खिडकीपासून लांब. आणि ऐपत असेल तर एफएम यंत्रणा, म्हणजे बाईंच्या गळ्याशी माइक आणि मुलाच्या कानात रिसीव्हर. रिकाम्या वर्गातला आवाज 35 डेसिबलच्या वर नसावा, असं अमेरिकेतलं मानक आहे. हे मी आमच्या बाईंना सांगितलं तेव्हा खिडकीखालून ट्रक चालला होता. बाई नुसत्या हसल्या.

दुसरी वाट दिसायला अगदीच साधी, आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणी. आठवड्यातून दोनदा स्पेशल एज्युकेटर ताई, रोज घरी वीस मिनिटं. पण मराठीच्या बाबतीत खरी गंमत इथेच आहे. ‘कमळ’ फोडायला सांगितलं तर आपली मुलं क-म-ळ असं सहज फोडतात. अडतं त्याच्या पुढे, अक्षराच्या पोटात. ‘कि’मध्ये आधी क् ऐकू येतो, मग इ; लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. एकटा र घ्या: सूर्य, चक्र, राष्ट्र, बऱ्याच, प्रत्येक ठिकाणी वेगळा वेश. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एकच, उच्चारायला दोन. ‘जीव’ आणि ‘जावई’चं तसंच. इतकं सगळं मूल शिकत असताना एखादी चूक कानाची आहे की लिपीची, हे डायरीतल्या शेऱ्यावरून कसं ठरणार?

आमच्या ताईंनी ते दहा मिनिटांत ठरवलं. वेळ-वेल, गडी-घडी, पाट-पाठ, डाळ-ढाल अशा जोड्यांची चित्रं मांडली (‘वेळ’साठी घड्याळ), तोंडावर वही धरली म्हणजे ओठ दिसू नयेत, आणि एकेक शब्द उच्चारला. पोराने सगळी चित्रं बरोबर दाखवली. म्हणजे कानात फरक पोचत होता, अक्षरापर्यंत उतरत नव्हता. हे घरीही करून बघता येतं. यात मूल बरंच चुकलं, तर पहिल्या वाटेला जास्त अर्थ आहे.

या वाटेला आधारही भक्कम. 1983 मध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी दाखवलं की मुलांकडून नुसते आवाज ओळखून घेण्यापेक्षा सोबत प्लॅस्टिकची अक्षरं हाताळायला दिली तर वाचनात जास्त फायदा होतो. म्हणजे कानाचा सराव हवाच, पण अक्षर समोर ठेवून.

आणि शब्दसंपत्ती विसरू नका. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये मांडलं की वाचन म्हणजे अक्षर उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार: एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. मुंबईत घरी मालवणी, जिन्यात हिंदी, शाळेत सेमी-इंग्रजी अशी मुलं किती तरी. त्यांची चाचणी कुठल्या भाषेतल्या शब्दांवर होणार, हे कुठल्याही क्लिनिकला आधीच विचारा. नाहीतर तपासायला नेलेलं ऐकणं, आणि तपासलं गेलेलं इंग्रजी. वाचन-अक्षमतेसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 मध्ये आणलेली ‘डाली’ चाचणी मराठीतही आहे.

कागदपत्रांचा हिशेब थोडक्यात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एपीडी त्या नावाने नाही. परीक्षेतल्या सवलती अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर मिळतात. केंद्राच्या 2018 च्या नियमांप्रमाणे तो पहिल्यांदा आठव्या वर्षी, मग चौदा आणि अठराव्या वर्षी घ्यावा लागायचा; 2024 मध्ये नवे नियम आले, ते क्लिनिकमध्येच विचारून घ्या. शीव रुग्णालयात त्याचं क्लिनिक आहे. स्लो लोकलने जा आणि मुलाचा डबा बरोबर ठेवा.

ठरवता येत नसेल तर आठवडाभर एका वहीत लिहा: मुलाने कधी, कुठे, कुणाचं चुकीचं ऐकलं. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीत, रिक्षात, गणपतीच्या आरतीत. वांद्र्याच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी आमच्या फायलीआधी तीच वही मागून घेतली होती. त्या वहीत पुस्तकाबाहेरची एकही नोंद नसेल, तर साधी श्रवणचाचणी उरकून घ्या आणि पुढचा फोन स्पेशल एज्युकेटरला लावा.