200 शेडचं कलर कार्ड: आठ महिने वापरल्यावर

दिवाळीत मागवलं होतं हे टपाल तिकिटांचे रंग जुळवायचं 200 शेडचं कार्ड, आता मिरग लागला, म्हणून लिहितो. पणजोबांच्या पेटीत कापसाच्या व्यवहाराची पाकिटं निघाली, वर्धा अन् यवतमाळचे शिक्के असलेली, त्यावरची पंचम जॉर्ज राजाची एक आण्याची लाल तिकिटं मले शेडनुसार लावायची होती. 1911 पासूनच्या या तिकिटाले तिकिटांच्या कॅटलॉगमधे रोज-कारमाइन (गुलाबी छटेचं), कारमाइन (गडद लाल), फिकट रोज-कारमाइन, अॅनिलिन कारमाइन (अॅनिलिन म्हणजे एक रासायनिक रंग) अशी नावं आहेत, पण नुसतं नाव वाचून काहीच समजत नाही, सगळं लालच दिसते.

कार्डाच्या प्रत्येक पट्टीले भोक आहे, ते तिकिटावर ठेवून मधला रंग जुळते का पाहायचं. पहिले दोन महिने वायाच गेले बावा, काहून की मी रात्री पिवळ्या बल्बखाली बसायचो अन् रात्री कारमाइन म्हणून लावलेलं तिकीट सकाळी अंगणात चक्क रोज-कारमाइन निघायचं. आता सकाळी दहाच्या सुमाराले उत्तरेकडच्या खिडकीत बसतो, थेट ऊन नको. रात्रीच पाहायचं असेल तर 6500 केल्विनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा एलईडी अन् तोही रोज तोच. तिकिटाच्या खाली काळा कागद ठेवतो, त्यानं लयच फरक पडते.

कार्डाची एक अडचण आहे, पट्टीवर रंग सपाट भरलेला, अन् तिकिटावर बारीक रेघा, मधे पांढरा कागद, म्हणून तिकीट नेहमी पट्टीपेक्षा फिकं वाटते. भिंगानं शाई जिथं भरीव बसली तेवढीच जागा पाहा, शिक्क्याची जागा सोडून. अॅनिलिनसाठी तर तिकीट उलटं करा, शाई मागून पाझरलेली दिसते, यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली बऱ्याचदा चमकते. पण शंका असेल तर पाण्यात टाकू नका, ही शाई सुटते.

मले सगळ्यात जास्त शिकवलं ते शिक्क्याच्या तारखेनं. व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं तिकीट आधी निळसर हिरवं होतं, 1900 साली पिवळसर हिरवं आलं. माझ्याकडचं एक पिवळसर दिसणारं निघालं, मी खुशीत कार्ड लावून पिवळसर हिरवं असं लिहूनही टाकलं, नंतर भिंगाखाली शिक्का वाचला तर 1896. म्हणजे कागदच पिवळा पडला होता, त्यानं हिरवा रंग बदललेला दिसत होता. तसंच काही जुने लाल-नारिंगी रंग हवेतल्या गंधकानं तपकिरी होतात, त्याले वेगळी शेड समजू नका. एक आण्याचं तिकीटही 1922 मधे चॉकलेटी झालं, तो मात्र खराच बदल.

उन्हाळ्यात कार्ड पत्र्याच्या खोलीत ठेवलं होतं, दोन पट्ट्या कडेनं उचलल्या, आता स्टीलच्या डब्यात असते. तपकिरीच्या पट्ट्या मले कमी वाटल्या, चॉकलेटीत अडतोच, म्हणून तिथं तारीख स्पष्ट असलेली स्वतःचीच चार तिकिटं नमुना म्हणून वेगळी काढली आहेत. लालसाठी अन् हिरव्यासाठी पैसे वसूल. अजून चाळीसेक तिकिटं बाकी आहेत, ढगाळ दुपारचा उजेड चांगला मिळते, पण ओल धरली तर तिकिटं एकमेकाले चिकटतात, म्हणून एका वेळी पाचच काढतो.